पळणाऱ्या पोरांचा सत्कार



सध्या शालेय स्पर्धांचे दिवस आहेत. तालुक्याच्या मैदानावरून एखादा मुलगा किंवा मुलगी जिल्ह्याला जाते, जिल्ह्याची विभागाला जाते, आणि नशीब जोरावर असेल तर राज्याला. त्यातून एखादे पोर पदक घेऊन आले, की गावात काय होते ते तुम्हांला मी सांगायला नको. वेशीपासून हलगी लागते, गुलाल उडतो, अलीकडे तर जेसीबीच्या बकेटमधून फुले उधळतात. चौकात फलक लागतो. त्यावर पोराचा फोटो बोटभर आणि शुभेच्छा देणाऱ्यांचे हातभर. मग शाल, श्रीफळ, फेटा, आणि पाच-सहा भाषणे. पोर बिचारे प्रवासाने दमलेले, फेटा सावरत बसून राहते.

मला या कौतुकाचे वावडे नाही. गावाने आपल्या लेकराचे कौतुक करू नये तर कोणी करावे? पण आमच्या खात्याच्या कामाने गावोगाव फिरताना असे अनेक सत्कार मी पाहिले, आणि एक गोष्ट दर वेळी खटकते. ज्या शिक्षकाने त्या पोराला पहाटे उठवून पळवले, तो बहुधा मागच्या रांगेत, खुर्ची मिळाली तर खुर्चीवर, नाहीतर भिंतीला टेकून उभा असतो. आणि त्याच शाळेतली दुसरी दहा पोरे, जी आज पळताहेत आणि ज्यांना अजून पदक मिळालेले नाही, ती सतरंज्या घालण्याच्या कामाला असतात.

म्हणून या आठवड्यात खतांचा नि फवारणीचा विषय बाजूला ठेवून सत्काराविषयीच लिहितो. धावणे, उड्या आणि फेक या मैदानी खेळांत आपल्या महाराष्ट्राने मोठी माणसे दिली आहेत. ती बहुतेक शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घरातली आहेत. त्यांचा खरा मान कशात आहे, ते पाहू.

गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर मैदानी शर्यती झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. त्या शर्यतींत पळायला आलेली बरीचशी पोरे शेतात राबणारी, भाजी-भाकरीवर वाढलेली. पायांत काही नाही, रस्ता खडबडीत, शर्यतीचे नियम ठाऊक नाहीत, शिकवणारा कोणी नाही. तरीही लांब पल्ल्याच्या शर्यतीतली त्यांची वेळ पाहून टाटा चकित झाले. ही पोरे परदेशात नेली पाहिजेत, हा विचार तेथे निघाला, आणि १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्प येथील ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटा चमू बोटीने गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन म्हणजे २६ मैलांहून लांब शर्यत. तीत ते १९ वे आले. म्हणजे आपल्या देशाच्या ऑलिंपिक चमूची सुरुवातच मुळी शेतात राबणाऱ्या अनवाणी पोरांच्या पळण्यातून झाली. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात मोठ्या अक्षरांत छापायला हवी होती.

दुसरे उदाहरण कुस्तीतले आहे, पण सत्काराचा विषय आहे म्हणून घेतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभरावर बैलगाड्या सजवून त्यांची मिरवणूक निघाली होती. पण ते जाण्याआधी पैशांची जुळवाजुळव करताना त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हे किती जणांना आठवते? पुढे खाशाबा पोलीस खात्यात लागले आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर, पदकाला पन्नास वर्षे व्हायला आली तेव्हा. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. चांगले आहे. पण बैलगाड्यांपेक्षा मला त्या प्राचार्यांचे गहाणखत मोठे वाटते.

आता अलीकडचे खेळाडू घेऊ.

नाशिक जिल्ह्यात हरसूलच्या बाजूला सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. पावसाळ्यात तिकडे धो धो पाऊस, आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन लांब जावे लागते. तेथली कविता राऊत. लहानपणी पाण्यासाठी पायपीट केलेली, अनवाणी पळणारी मुलगी. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुरुषांतही असे पदक १९५८ साली मिल्खासिंग यांच्यानंतर कोणाला मिळाले नव्हते. त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने याच शर्यतीत रौप्य मिळवले.

सातारा जिल्ह्यातला माण तालुका तुम्हांला माहीत आहे. मेंढरे, मटकी, बाजरी आणि दर तीन वर्षांनी चारा छावणी. तेथल्या मोही गावची ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत तीन वर्षे लागोपाठ पहिली आली, आणि मग ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळली. ही शर्यत काय असते ते थोडक्यात सांगतो. साडेसात फेऱ्या पळायच्या, त्यात २८ वेळा लाकडी अडथळा ओलांडायचा आणि सात वेळा अडथळ्यावरून पाण्याच्या खड्ड्यावर उडी घ्यायची. हा अडथळा धक्का लागला म्हणून पडत नाही, पडतो तो माणूस. बांध आणि ओढे ओलांडत शाळेत जाणाऱ्यांचीच शर्यत म्हणा ना! ललिताने २०१५ साली आशियाई अजिंक्यपद मिळवले आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरी गाठली. १९८४ साली पी. टी. उषा ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पळाली होती, त्यानंतर ३२ वर्षांनी ललिता. अंतिम फेरीत ती दहावी आली. पुढे ती राज्याच्या महसूल खात्यात अधिकारी झाली.

त्याच शर्यतीतला अविनाश साबळे हा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटरवर, वाहन नाही, म्हणून जाता-येता कधी चालत, कधी पळत. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचेनच्या बर्फात राहिला. गोपाळ सैनी यांचा १९८१ सालचा राष्ट्रीय विक्रम त्याने २०१८ साली मोडला. त्यानंतर स्वतःचाच विक्रम तो पुन्हा पुन्हा मोडत गेला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरा आला. पहिल्या आलेल्या केनियाच्या धावपटूपेक्षा फक्त ०.०५ सेकंद मागे. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाच नेत होता, त्यात मांडव्याच्या पोराने फट पाडली. २०२३ साली हांगझूच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा. स्टीपलचेसच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पळालेला तो पहिला भारतीय पुरुष.

आणखीही आहेत. निफाड तालुक्यातल्या देवगावचा सर्वेश कुशारे हा कांदा पिकवणाऱ्या घरातला. त्याच्या शाळेत उंच उडीसाठी गादी नव्हती, तेव्हा मक्याचा भुसा अंथरून त्यावर तो उड्या शिकला. २०२५ साली टोकियोच्या जागतिक स्पर्धेत त्याने २.२८ मीटर उडी मारली आणि सहावा आला. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी याचा एक हात लहानपणीच्या अपघाताने अधू झालेला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्याने १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या तेजस शिरसे याने त्याच वर्षी ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत १३.४१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला.

या सगळ्यांच्या सत्कारात एक भाषण ठरलेले असते. “गरिबीने याला घडवले, दुष्काळाने हिला कणखर केले.” मंडळी, हे भाषण मला पटत नाही. माझी सारी नोकरी कोरडवाहू भागात गेली. गरिबीने आणि दुष्काळाने खेळाडू घडत असते, तर आष्टी, माण आणि आटपाडीच्या वाडीवाडीवर ऑलिंपिकचा खेळाडू दिसला असता. सहा किलोमीटर शाळेत पळत जाणारी पोरे त्या भागात शेकड्यांनी होती. त्यातला एकच अविनाश झाला, कारण त्याला सैन्यात दोन वेळचे भरपूर जेवण मिळाले, आणि अमरीश कुमार नावाच्या लष्करी प्रशिक्षकाने त्याला पळताना पाहून स्टीपलचेसला घातले. कविताच्या मागे नाशिकला विजेंद्रसिंग हे प्रशिक्षक उभे होते. त्यांच्याच हाताखाली मोनिका आथरे, संजीवनी जाधव अशा मुली पुढे आल्या. संजीवनीने २०१७ साली भुवनेश्वरला आशियाई स्पर्धेत ५,००० मीटरचे कांस्य मिळवले. ललिताला बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह यांनी तयार केले. त्या माणसाने आपल्या देशातली पोरे घडवली आणि २०२१ साली पतियाळाला आपल्याच मातीत शेवटचा श्वास घेतला. आणि सर्वेशसाठी मक्याचा भुसा गोळा करणारे हात शाळेतलेच होते.

आपण शेतकरी आहोत, बियाणे आणि मशागत यांतला फरक आपल्याला कळतो. चांगले बी सगळीकडेच असते. कोणत्या शेताला वेळेवर पाणी मिळाले, त्यावर पीक ठरते. म्हणून मान द्यायचा तर पाणी देणाऱ्यालाही द्या.

सरकारने हे ओळखलेले आहे. केंद्राचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली प्रशिक्षकांसाठीच सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षी तो उषाचे गुरू ओ. एम. नंबियार यांना मिळाला. आपल्या राज्याचे शिवछत्रपती पुरस्कार १९६९-७० पासून आहेत, त्यांतही मार्गदर्शकांचा मान ठेवलेला आहे. पण हे पुरस्कार वर पोहोचलेल्यांसाठी. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकापर्यंत, किंवा सैन्यातून निवृत्त होऊन गावच्या पोरांना फुकट शिकवणाऱ्या हवालदारापर्यंत ते कोठून पोहोचणार? तो मान गावानेच दिला पाहिजे. येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर त्या शिक्षकाला पुढे बोलवा. शाल नसली तरी चालेल. पण पुढच्या वर्षी त्याला काय लागणार आहे ते सर्वांसमक्ष विचारा. एक स्टॉपवॉच, एक मोजपट्टी, चार गोळे, पोरांना तालुक्याला न्यायला एक जीप. एवढेच तो मागेल.

आता घरचा सत्कार. हा मला गावच्या सत्काराहून महत्त्वाचा वाटतो.

माता-भगिनींनो, हे तुमच्यासाठी आहे, आणि कारभाऱ्यांनीही वाचावे. पळणारे पोर सकाळी उपाशी पळते आणि परत येऊन चहात बटर बुडवून शाळेत जाते, हे मी डोळ्यांनी पाहतो. गोठ्यात दोन म्हशी असतात आणि सगळे दूध डेअरीच्या किटलीत जाते. डेअरीचा हप्ता घराला लागतो, हे मला ठाऊक आहे. तरी त्या किटलीतून एक पेला पोरासाठी आधी काढून ठेवा. पळायला जाण्याआधी मूठभर भिजवलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा, किंवा एक केळे. आल्यावर दूध, आणि चालत असेल तर एक-दोन अंडी. जेवणात भाकरीबरोबर नुसते कालवण नको, मटकी-हुलग्याची उसळ किंवा घट्ट वरण हवे. बाजारातले डब्यातले पावडर-बिवडर काही लागत नाही.

मुलींच्या बाबतीत रक्त कमी असण्याचा प्रश्न मोठा आहे. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळते. रक्त कमी असेल तर पोरगी कितीही जिद्दीची असो, दुसऱ्या फेरीला धापा टाकणारच. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती खिडकीतून फेकली जात नाही ना ते पाहा. पालेभाजी लोखंडी कढईत करा, ताटात लिंबाची फोड द्या, आणि जेवणावर लगेच चहा नको. बाजरी पेरत असाल तर पुढच्या खरिपाला ‘धनशक्ती’ वाणाचा विचार करा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून २०१२ साली हा वाण आला. त्याच्या दाण्यात मुद्दाम लोह वाढवलेले आहे, किलोला साधारण ७१ मिलिग्रॅम. आपल्या शेतातून आपल्या लेकीच्या अंगात रक्त जाते, याहून चांगली शेती कोणती?

याहून अवघड गोष्ट पुढची. आठवी-नववीपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने पळतात. नंतर एकाएकी दिसेनाशा होतात. “आता मोठी झाली, चड्डी घालून मैदानावर कशाला?” असे आजी म्हणते, आणि बाप गप्प बसतो. मग अठरा भरायच्या आतच स्थळे येऊ लागतात. जरा वये मोजून पाहा. कविताला दिल्लीत पदक मिळाले तेव्हा ती २५ वर्षांची होती. ललिता रिओला पळाली तेव्हा २७. अविनाशने केनियाची रांग फोडली तेव्हा तोही २७. सर्वेशची ती उडी तिसाव्या वर्षी. हे पीक भाजीपाल्याचे नव्हे, आंब्याचे आहे. पाचव्या वर्षी मोहोर आला नाही म्हणून कोणी कलम उपटून टाकते का? पोरीचे पळणे सोळाव्या वर्षी थांबवले, तर तिच्या अंगात काय होते हे तुम्हांलाही कधी कळणार नाही आणि तिलाही नाही. पळण्याने पोरीच्या शरीराला, पुढे तिच्या बाळंतपणाला अपाय होतो, हा समज खोटा आहे. मात्र महिनेच्या महिने पाळी आली नाही, किंवा सारखे पाय दुखू लागले, तर आरोग्य केंद्रात दाखवा. बहुधा खाणे कमी पडलेले असते.

घरात अशी शंकाही असते की पळून पोट भरते का. सगळ्यांचे भरत नाही, ते खोटे कशाला सांगू? पण दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत, शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. पोलीस भरतीत तर मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळावेच लागते आणि गोळाही फेकावा लागतो. म्हणजे पळणे अगदीच वाया जात नाही.

भरतीचा विषय निघाला म्हणून एक सावधगिरीची सूचना. भरती जवळ आली की काही ठिकाणी ‘दम वाढवणारे’ इंजेक्शन आणि गोळ्या मिळतात, असे तरुण मुले सांगतात. पिकाला कोणीतरी सांगितले म्हणून नाव-गाव नसलेले औषध मारले की काय होते, ते तुम्ही भोगलेले आहे. येथे तर जिवाचा प्रश्न आहे. स्पर्धेत पकडले गेले तर काही वर्षांची बंदी येते आणि मिळालेले पदकही जाते. बाटलीवर काय लिहिले आहे ते डॉक्टरला दाखवल्याशिवाय पोटात किंवा दंडात काही जाऊ देऊ नका.

आता मैदान. पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर पोरे पळताना दिसतात आणि मागून उसाचा ट्रॅक्टर येतो, तेव्हा माझ्या काळजाचा ठोका चुकतो. गावाला दोनशे मीटरची धावपट्टी करायला चार गल्ल्यांसह साधारण एक एकर दोन गुंठे जागा लागते. शाळेचे पटांगण तेवढे नसेल, तर गायरानाचा विचार होऊ शकतो. पण त्यासाठी ग्रामसभेचा ठराव करा आणि महसूल खात्याची परवानगी घ्या, परस्पर नांगर घालू नका. क्रीडांगण विकासाच्या अनुदानासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा.

आखणी अशी. चाळीस मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका. प्रत्येक खुंटीला १८.९० मीटर तार अडकवून बाहेरच्या बाजूला अर्धवर्तुळ ओढा. सुती दोरी घेऊ नका, ती ताणते आणि माप चुकते. दोन्ही अर्धवर्तुळांची टोके सरळ रेघांनी जोडली की आतली रेघ तयार झाली. पळणारा त्या रेघेच्या वीस सेंटीमीटर बाहेरून पळतो असे धरतात, म्हणजे त्याची एक फेरी २०० मीटर भरते. ८०० मीटरला चार फेऱ्या, १६०० ला आठ. एक गल्ली १.२२ मीटर रुंद धरा.

जमीन काळी भारी असेल तर ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिखल होतो, पोरांचे घोटे मुरगळतात. त्यावर चार बोटे बारीक मुरूम टाका, दगड-गोटे वेचून काढा, पाणी मारून रोलर फिरवा. आडव्या अंगाला मीटरमागे एक सेंटीमीटर उतार ठेवा, म्हणजे पाणी थांबणार नाही. मधल्या जागेत हरळी वाढू द्या. ज्या हरळीला आपण शेतात जन्मभर शिव्या घालतो, तिच्यासारखी उड्या मारायला दुसरी गादी नाही. खरीप निघाला आहे आणि जमिनीत थोडी ओल आहे, तेव्हा हे काम आताच उरकते. गावातल्या दहा ट्रॅक्टरवाल्यांनी एकेक दिवस दिला, तरी मुरूम येऊन पडेल.

आणि शेवटी एक बिनखर्चाचे काम. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर काळ्या रंगाचा एक चौकोन रंगवून घ्या. त्यावर रकाने आखा: शर्यत, मुलाचे किंवा मुलीचे नाव, इयत्ता, वेळ, तारीख, आणि ज्याने घड्याळ धरले त्याचे नाव. दर महिन्याला एक दिवस ठरवून पोरांना पळवा आणि शाळेतली प्रत्येक शर्यतीची सर्वांत चांगली वेळ तेथे लिहा. ती मोडली गेली की नवी लिहा, पण जुनी पुसू नका, तिच्या खाली लिहा. यात तालुक्याला निवड होण्याची अट नको. सरपंचांपासून सगळ्यांनी येता-जाता तो फलक वाचावा, आणि ते पोर वाटेत भेटले की वेळ किती कमी झाली ते विचारावे. फलकावर वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र कोणाच्याही लिहू नयेत.

धावपट्टीच्या आखणीत अडचण आली तर तालुक्याच्या हायस्कूलमधल्या शारीरिक शिक्षण शिक्षकांना एक दिवस बोलावून घ्या, ते आनंदाने येतात. पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी लिहीन. ज्यांचा हरभरा फुलावर येऊ लागला आहे, त्यांनी तोवर एकरी दोन कामगंध सापळे आणून ठेवावेत.